दोनशे मोजेपर्यंत

आमच्या घरात एकच टेबलफॅन होता आणि तो माणसांसाठी नव्हता. नाशिकरोडच्या पुढे, जिथून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या अशा वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या, वर पत्रे. मागच्या खोलीत आम्ही राहायचो आणि पुढच्या खोलीत आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कंडेन्सर राहायचे. चैत्र-वैशाखात पत्रे असे तापायचे की भाकरी थापता थापता आई मधेच उठून माठातलं पाणी मानेवर मारून घ्यायची. फॅन मात्र पुढच्या खोलीत, आप्पांच्या टेबलावर, उघड्या पेट्यांना वारा घालत बसलेला असायचा. एकदा मी तो दोन मिनिटांसाठी आईकडे वळवला. आप्पांनी उठून तो परत फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "माणसाला घाम येतो. घाम वाळला की माणूस गार होतो. कंडेन्सरला घाम आला की तो मेला. अक्कल वापर जरा." हे अगदी खरं होतं. आप्पांचं बोलणं नेहमी खरंच असायचं आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा.

आप्पा कारखान्यांचे पॉवर सप्लाय दुरुस्त करायचे. सप्लाय म्हणजे एक लोखंडी पेटी. बाहेरची वीज आत येते ती खडबडीत असते, तिला सरळ, सपाट करून मशिनला द्यायचं काम ही पेटी करते. त्या पेटीत ॲल्युमिनियमचे पेल्याएवढे गोल डबे असतात. पुस्तकात त्यांना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणतात; आमच्याकडे सगळे कंडेन्सरच म्हणायचे. त्याच्या पोटात कागदाची आणि पातळ पत्र्याची गुंडाळी असते, एका द्रावात भिजलेली. ओल आहे तोवर जीव आहे. उष्णतेनं ती ओल उडत जाते, डबा फुगतो, गळतो आणि मरतो. दहा अंश उष्णता कमी केली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं असावं. बाकीचे मिस्त्री कंडेन्सर फुगला की बदलायचे. आप्पा तो फुगूच नये म्हणून झटायचे. तापणाऱ्या भागापासून त्याला लांब सरकवायचे, पेटीला खालून-वरून भोकं पाडायचे, लागेल त्यापेक्षा जास्त विजेचा दाब सोसणारा डबा निवडायचे, आणि दर महिन्याला आतली धूळ ब्रशनं झाडा म्हणून गिऱ्हाइकाला दरडावायचे. धूळ म्हणजे आमच्याकडे राखच. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर, माठाच्या झाकणावर, आईच्या केसांत, सगळीकडे ती बारीक करडी राख बसायची. आप्पा ती फक्त कंडेन्सरवरून पुसायचे.

बरीच वर्षं गोदामात पडून राहिलेला कंडेन्सर एकदम पूर्ण दाबावर लावला तर फुटतो. त्याला आधी बल्बमधून थोडी थोडी वीज द्यावी लागते. आप्पा त्याला 'उठवणं' म्हणायचे. सकाळी सुरू करायचे, दर अर्ध्या तासानं दाब वाढवायचे, डब्याला हात लावून बघायचे. "झोपलेल्याला एकदम पळवतात का?" असं ते म्हणायचे, आणि तेव्हा त्यांचा आवाज इतका मऊ असायचा की नवख्या माणसाला वाटावं, काय प्रेमळ गृहस्थ आहे. मला रोज सकाळी ते तांब्याभर पाणी तोंडावर मारून उठवायचे.

आणखी एक गोष्ट सांगते, मग आमचं घर पुरतं कळेल. गळायला लागलेल्या कंडेन्सरला सुक्या मासळीसारखा वास येतो. आईला सुके बोंबील जीव की प्राण. ती चुलीवर बोंबील भाजायला लागली की आप्पा पुढच्या खोलीत एकेक पेटी हुंगत फिरायचे, "कोण गळतंय, कोण गळतंय" करत. मग एक दिवस त्यांनी कामाच्या दिवशी घरात बोंबील बंद केले. फक्त रविवारी. आईनं वाद घातला नाही. रविवारी विहारात वंदनेला जाऊन आलो की ती आठवड्याचे बोंबील एकदम भाजायची, लसूण-मिरची घालून पाट्यावर वाटायची आणि बाजरीच्या भाकरीबरोबर इतकी खायची की सोमवारी तिचं पोट दुखायचं. आज माझ्या स्वयंपाकघरात हवे तेव्हा बोंबील भाजता येतात, पण मला त्यांचा वास आला की अजून आधी कंडेन्सर आठवतो.

या घरात सोमा आला. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, पस्तिशीचा गडी. भात निघाला की त्याची बायको जनी आणि तो द्राक्षांच्या कामाला नाशिकला उतरायचे, पाऊस जवळ आला की परत डोंगरात जायचे. त्यांची एक मुलगी होती, तिची शाळा दरवर्षी त्यात अर्धी बुडायची. एका मळ्यावर मोटारीचा स्टार्टर बिघडला होता, आप्पा बघायला गेले, तर या माणसानं तो आधीच उघडून, पुसून, तारा जुळवून ठेवला होता. कुणी शिकवलं नव्हतं. आप्पांनी त्याला उचलून आणला. दोन हंगाम तो आमच्या पुढच्या खोलीत बसला आणि मी अकरावी-बारावीच्या वर्गात जे वाचत होते ते तो हातानं शिकत गेला.

सोमाकडे मोजमापाचं एकच साधन होतं, त्याची बोटं. चालू पेटीतल्या कंडेन्सरच्या अंगाला तो बोटांची पाठ लावायचा आणि मोजायचा. बाराला बोट काढावं लागलं तर डबा बरा आहे, पाचला काढावं लागलं तर तापतोय. आप्पा त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. "याच्या बोटाला जे कळतं ते तुझ्या पुस्तकाला कळत नाही," हे मी किती वेळा ऐकलं असेल. माझ्या हातून काही चांगलं झालं तर आप्पा गप्प राहायचे. सोमाच्या हातून झालं तर माझ्याकडे बघायचे. मला तो माणूस आवडेनासा झाला, आणि खरं सांगायचं तर त्यानं माझं काहीही वाईट केलं नव्हतं.

त्याचं मोजणं हा आमच्याकडचा करमणुकीचा विषय होता. त्याच्याकडे मोजणी विसांची. एक ते वीस मोजायचे, एक बोट मिटायचं. पुन्हा एक ते वीस, दुसरं बोट. आप्पांचा नियम होता की मेन बंद केल्यावर दोनशे मोजायचे आणि मगच झाकण उघडून आत हात घालायचा, कारण कंडेन्सरमध्ये साठलेली वीज उतरायला तेवढा वेळ लागतो. सोमा समोर दोन्ही पंजे उघडे धरून बसायचा, ओठ हलायचे, एकेक बोट मिटत जायचं. दोन्ही मुठी बंद झाल्या की दोनशे झाले. त्याची घाई कधी झाली नाही आणि त्याचा एकही आकडा कधी गळला नाही. मी भिंतीवरच्या घड्याळावर लावून बघितलं होतं. पण गिऱ्हाईक आलं की मीच म्हणायचे, "सोमा, पस्तीस म्हणून दाखव." तो बिचारा म्हणायचा, "येक वीस आन् पंधरा." गिऱ्हाईक हसायचं, आप्पा हसायचे, मग मीही हसायचे. तो माझ्या दुप्पट वयाचा होता आणि मी त्याला नुसत्या नावानं हाक मारायचे; तो मला ताई म्हणायचा. 'यांना काय कळतंय' हे वाक्य आमच्याबद्दल बोललेलं आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं होतं. ते दुसऱ्या कुणाबद्दल म्हणायची संधी मिळाली तेव्हा आम्ही ती सोडली नाही.

सिन्नर फाट्याजवळ द्राक्षांसाठी पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना होता. त्यांच्या मोठ्या मशिनचा सप्लाय दर उन्हाळ्यात जायचा, कंडेन्सर फुटायचे आणि ऐन हंगामात मशीन बंद पडायचं. मालक आप्पांकडे आले आणि म्हणाले, अशी पेटी करून द्या की पाच वर्षं बघायला लागू नये. आणि तिची निगा राखायला एक माणूसही द्या, कायमचा. माणसाला कारखान्याच्या मागे राहायला खोली होती. आप्पांनी सोमाचं नाव सांगितलं. त्या दिवशी सोमा जेवताना दोनदा उठून बाहेर जाऊन आला. आईनं विचारलं, बरं नाही का? तर म्हणाला, "वहिनी, पोरीची साळा आता पुरी हुईल. आता वर-खाली करायला नको." आईनं त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली.

ती पेटी आप्पांनी आम्हा दोघांना वाटून दिली. दोन मोठे कंडेन्सर होते. एका बाजूचं काम सोमाचं, एका बाजूचं माझं. ज्याचा डबा गार राहील तो खरा, असं आप्पा म्हणाले. त्यांना असल्या झुंजी लावायला फार आवडायचं. मी कॉलेजातल्या बाईंकडून प्रयोगशाळेतला थर्मामीटर मागून आणला, म्हणजे बोटांची भानगड नको.

आता इथे एक छोटीशी वस्तू नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळं तिच्यावरच झालं. कंडेन्सरच्या दोन टोकांना एक रेझिस्टन्स जोडलेला असतो, बोटाच्या पेराएवढा, पांढरा. पेटी चालू असताना त्याचं काही काम नसतं. पेटी बंद केली की कंडेन्सरमध्ये साठलेली वीज तो हळूहळू पिऊन संपवतो. तो नसेल तर मेन बंद असूनही डबा तासन्‌तास भरलेला राहतो आणि हात लावणाऱ्याला फेकून देतो. पण हा रेझिस्टन्स दिवसभर तापलेला असतो आणि बसवलेला असतो नेमका कंडेन्सरला चिकटून. म्हणजे कंडेन्सरचं आयुष्य वाढवायचं तर त्याच्या कुशीतला हा निखारा हलवायला हवा. सोमानं तेच केलं. त्यानं रेझिस्टन्सचे पाय लांब तारेनं वाढवले आणि तो पेटीच्या बाहेरच्या पत्र्याला नेऊन बसवला. पत्रा ती उष्णता खाऊन टाकायचा. दुपारभर पेटी चालवली. त्याचा डबा चार अंशांनी उतरला. आप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवर आप्पांचा हात कधी पडला असेल तर तो थाप मारायला नाही.

मीही तारा लांब केल्या असत्या तर माझेही चारच अंश उतरले असते. म्हणून दुसऱ्या दिवशी आप्पा बाहेर गेल्यावर मी कटर घेतला आणि माझ्या बाजूचा रेझिस्टन्स कापूनच टाकला. तापायला तोच नाही तर डबा तापेल कशानं? पाच अंश उतरले, साडेपाचपर्यंत गेले. रेझिस्टन्स कशासाठी असतो हे मला माहीत नव्हतं असं लिहायला आज हात शिवशिवतो, पण मला माहीत होतं. परीक्षेत त्यावर मी टीप लिहिली होती. मी ठरवलं होतं की आप्पांनी आकडा बघितला की परत जोडून टाकू. पेटी बंद केल्यावर मी गुपचूप बल्ब लावून डबा रिकामा केला आणि झाकण लावलं. सोमा शेजारीच होता. त्यानं विचारलं, "ताई, तुमचा रेझिस्टन्स दिसत नाय."

"मागं बसवलाय," मी म्हणाले.

"मागं गार ऱ्हातो?"

"तुला काय करायचंय?"

तो हत्यारं आवरायला लागला. आप्पा आले, भोकातून थर्मामीटर घालून पेटी पुन्हा तासभर चालवली, आकडा बघितला आणि हसले. झाकण उघडलं नाही. सोमाला म्हणाले, "काय रे, पोरीनं हरवलं तुला. गेली तुझी बोटं कामातून." सोमा हसला आणि म्हणाला, "ताई शिकल्येल्या हायेत." आप्पांनी त्या दिवशी माझ्या चहात स्वतःच्या हातानं साखर घातली. संध्याकाळच्या आत कारखान्याचा टेम्पो आला आणि पेटी गेली. मी दारात उभी होते. नुसतं 'थांबा' म्हटलं असतं तर पुरलं असतं. पण झाकण उघडलं असतं, रेझिस्टन्स परत बसला असता, आकडा वर गेला असता, आणि चहातली साखर आप्पांनी परत काढून घेतली असती. टेम्पो वळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

सोमा कारखान्यात राहायला गेला. जनी आणि मुलगी आली. मुलीचं नाव शाळेत घातलं. महिना झाला आणि पेटी साफ करायचा दिवस आला. आप्पांनीच घालून दिलेला नियम, धूळ झाडली की आयुष्य वाढतं. सोमानं मशीन थांबवलं, मेन पाडला, फ्यूज काढून खिशात ठेवले, आणि पेटीसमोरच्या उंच चौथऱ्यावर बसून मोजायला लागला. मग झाकण उघडून ब्रश आत घातला. आधी स्वतःची बाजू झाडली, मग माझी. माझ्या डब्यानं त्याला चौथऱ्यावरून खाली सिमेंटवर फेकलं. उजव्या हाताची दोन बोटं टोकाशी जळाली आणि त्याच हातावर पडल्यानं मनगट मोडलं.

तिसऱ्या दिवशी मालकांनी आप्पांना बोलावलं. आप्पा मला बरोबर घेऊन गेले. सोमा दवाखान्यातून थेट तिथेच आला होता, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर, तोंड सुजलेलं. जनी दाराशी बसली होती. मालक वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा हंगाम चालू होता. ते म्हणाले, "मिस्त्री, मला एवढंच सांगा, दोष पेटीत आहे की माणसात? पेटीत असेल तर याची जागा मी राखून ठेवतो, आणि पेट्या दुसऱ्याकडून करून घेतो. माणसात असेल तर तुमचं काम चालू राहील, पण असा माणूस मला मशिनवर नको."

आप्पांनी बल्ब लावून डबे रिकामे केले आणि झाकण उघडलं. मी त्यांच्या मागेच उभी होते. सोमाच्या बाजूला लांब तारा, पत्र्यावर बसवलेला रेझिस्टन्स, सगळं सरळ, पुसलेलं. माझ्या बाजूला कापलेली दोन टोकं. माझ्या कटरचं एक पातं झिजलेलं होतं, त्यानं तार नेहमी तिरकी कापली जायची. आप्पांनी ती दोन तिरकी टोकं बघितली, मग वळून माझ्या हाताकडे बघितलं. झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले आणि म्हणाले, "पेटी ठीक आहे. यानं दोनशे मोजले नसणार."

"मोजलं, आप्पा," सोमा म्हणाला. "पुरं मोजलं."

"ही पोरगी दोन वर्षं याच्याबरोबर बसलीय," आप्पा मालकांना म्हणाले. "हिलाच विचारा. काय गं, याला दोनशेपर्यंत मोजता येतं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सोमाचा चेहरा एकदम मोकळा झाला, हायसं वाटल्यासारखा. त्याला वाटलं, आता झालं, ताईला तर माहीतच आहे. मी म्हणाले, "त्याला वीसच्या पुढचे आकडे येत नाहीत."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. आप्पांची मुलगी होते मी.

सोमा म्हणाला, "तसं नाय, सायेब. आसं असतं..." आणि त्यानं दाखवायला दोन्ही हात पुढे केले. डाव्या हाताची बोटं त्यानं एकेक करून मिटली, वीस, वीस, वीस, वीस, वीस. मग उजव्या हाताकडे बघितलं. तिथे नुसतं प्लॅस्टर होतं आणि त्यातून बाहेर आलेली सुजलेली बोटं, ती मिटेनात. तो त्यांच्याकडे बघत राहिला. कुणीतरी मागे फिसकन हसलं. मालक म्हणाले, "जाऊ दे रे, पाचच वेळा मोजलं असशील." सोमानं हात खाली घेतला. जमिनीकडे बघत म्हणाला, "आसंल. माजंच चुकलं आसंल."

आप्पा माझ्या पुढे चालत घरी आले. पुढच्या खोलीत आले, शर्ट काढला, टेबलाशी बसले. मी माझ्या स्टुलावर बसले. टेबलावर एक पेटी उघडी होती आणि फॅन तिच्यावर चालू होता. आप्पांनी हात लांब केला आणि फॅन माझ्याकडे वळवला. वाऱ्यानं माझे केस उडाले, वहीची पानं उडाली. त्यांनी तो तसाच ठेवला आणि पेटीवर मान घातली. आई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. फॅनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय केलंस गं?" ती एवढंच म्हणाली. मी सांगितलं नाही. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, पण त्या दिवसापासून माझं ताट वाढताना ती माझ्याशी बोलेनाशी झाली, आणि हे बरीच वर्षं चाललं.

दोन दिवसांनी जनी आमच्याकडे राहिलेलं सोमाचं अंथरूण न्यायला आली. मी लपायला जागा शोधत होते, पण दोन खोल्यांत कुठे लपणार? ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, मी लय बोलले तुमाला मनात. पर त्यांनी सांगितलं, ताईवर राग धरू नको, तिनं खरं तेच सांगितलं." अंथरूण डोक्यावर घेऊन ती गेली. मुलीचं नाव शाळेतून काढलं. त्या रविवारी विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं चौथं शीलही मी सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हटलं, आणि माझा आवाज जराही कापला नाही.

पुढे मी डिप्लोमा केला. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझी स्वतःची शेड आहे, सप्लाय बनवते, आणि माझ्या पेट्या टिकतात म्हणून लोक लांबून येतात. आप्पा गेले तेव्हा फॅनसकट सगळं मला मिळालं. माझ्याकडे कामाला असलेल्या मुली हसतात, कारण मी एका डब्याला दोन-दोन रेझिस्टन्स लावते आणि तरीही झाकणासमोर बसून विसाच्या हिशेबानं बोटं मिटत दोनशे मोजते. त्यांना वाटतं, म्हाताऱ्या बाईंची सवय आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक भंगारवाला ओळखीनं काही जुना माल दाखवायला घेऊन आला. त्यात ती पेटी होती. खोक्यांचा कारखाना केव्हाच बंद झाला होता. मी झाकण उघडलं. माझ्या बाजूला रेझिस्टन्स होता. लांब तारा, पत्र्यावर नेऊन बसवलेला, अगदी सोमाच्या पद्धतीनं. पण तार जोडणारा कथलाचा डाख सोमाचा नव्हता. तांदळाएवढा, चकचकीत, कडा गोल असलेला, तो आप्पांचा डाख होता. म्हणजे नंतर कधीतरी कुणाला न सांगता ते परत गेले होते आणि त्यांनी तो बसवला होता. पेटीची चूक दुरुस्त केली होती. मी दोन्ही डबे आप्पांसारखेच सावकाश, दिवसभर बल्बमधून उठवले आणि मीटर लावला. इतक्या वर्षांनीही दोघांत जीव होता.

दुसऱ्या दिवशी मी पेठची गाडी केली. सांगायचंच असं ठरवून गेले होते. सगळी वाक्यं घाट चढेपर्यंत म्हणून झाली होती. पाडा सापडला. सोमा अंगणात आंब्यांच्या ढिगाशी बसला होता, पार वाळलेला, पण त्यानं मला लगेच ओळखलं. "ताई, तुमी?" मी त्याच्या पाया पडले आणि आयुष्यात पहिल्यांदा सोमाकाका म्हणाले, ते त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं सरळच राहिली होती. जनी गेल्याचं त्यानं सांगितलं. मुलगी नागलीच्या शेतावर होती, ती कधी शाळेत परत गेली नव्हती. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो उठला आणि म्हणाला, रिकाम्या हातानं कसं पाठवू? गोणपाट घेऊन तो आंबे घालायला लागला. ओठ हलत होते, डाव्या हातानं एकेक आंबा उचलत होता. मग गोणपाट माझ्यासमोर सरकवलं.

"दोन विसा घातलेत," तो म्हणाला. "पर तुमी मोजून घ्या, ताई. माजं मोजनं चुकतं. तुमाला तर ठावंच हाय. हितं बी समदी हसत्यात, सोमाला मोजायला देऊ नका म्हनत्यात. भाताच्या पेंढ्या सुदिक मी मोजत नाय आता."

मी अंगणात बसले, आंबे एकेक करून बाहेर काढले आणि मोजले. दोन वेळा मोजले. घाटात म्हणून झालेलं पहिलं वाक्य प्रत्येक आंब्याबरोबर मनात सुरू करत होते आणि आंबा खाली ठेवला की सोडून देत होते. शेवटचा आंबा ठेवला आणि मी त्याच्याकडे बघितलं.

"चाळीस," मी म्हणाले. "बरोबर आहेत."

त्याचं तोंड उजळलं. "बरोबर आलं?" त्यानं विचारलं, आणि शेजारच्या घराकडे तोंड करून मोठ्यानं ओरडला, "बरोबर आलं रे! ताई म्हनत्यात, बरोबर आलं!" मी आंबे गोणपाटात भरले आणि गाडीत जाऊन बसले. एवढं एकच खरं मी त्याच्याशी बोलले.